टोपी उचलली की थांब

रविवार

आणि दादाचं म्हणणं काय, तर मी जन्मात एका जागी बसलेलो नाही. मग आज पहाटेपासून बसमध्ये गुडघे पोटाशी घेऊन कोण बसलं होतं? तेच सांगायला फोन केला, तर म्हणतो, "गाडीत गोणीसुद्धा बसते. वर्गात बसून दाखव." आता याला काय बोलायचं? मी सातवीत शाळा सोडली तेव्हापासून हे चाललंय. माणसं नवीन नवीन भांडणं काढतात, आम्हा भावांना हे एकच पुरून उरलंय.

पण या खेपेला वर्गात बसावंच लागणार. मी इकडे परदेशात बांधकामावर सिग्नलवाला आहे. क्रेन चालवणारा असतो वर ढगात आणि ओझं असतं खाली आमच्यात. त्याला खालचं नीट दिसत नाही, आमचं ओरडणं वर पोचत नाही. म्हणून खाली उभं राहून हाताच्या खुणा करायच्या. उचल, सोड, डावीकडे घे, हळू, थांब. तीन वर्षं हेच करतोय, आजवर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आता नियम निघालाय की सिग्नलवाल्याकडे परीक्षा पास झाल्याचं कार्ड पाहिजे. म्हणून कंपनीने आठवडाभर या दुसऱ्या शहरात शिकायला धाडलं. निघताना मुकादम म्हणाला, "दोन खेपा मिळतील. दुसऱ्यांदाही नापास झालास तर साइटवर येऊच नको. तिकीट तिकडेच पाठवतो, थेट घरचं."

घरचं तिकीट म्हणजे दादाच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्यापेक्षा मी क्रेनच्या हुकाला लटकेन.

खोली मात्र अशी मिळालीय की चुकून दुसऱ्याची तर नाही ना म्हणून दारावरचा नंबर परत बघून आलो. एकट्याला एक खोली. साइटवर आम्ही आठजण एका खोलीत, पलंगावर पलंग. वरच्याने कूस बदलली की खालच्याच्या तोंडात धूळ. इथे चादर इतकी ताणून खोचलेली की आत शिरायचं कुठून तेच कळेना. शेवटी पाकिटात कागद सरकवावा तसं स्वतःला आत सरकवून बघितलं. न्हाणीघरात गरम पाणी आहे. कितीही आहे. मी बराच वेळ सोडून बघितलं, संपत नाही.

टेबलावर ही वही आणि पेन होतं. खालच्या कॅन्टीनवाल्याने सांगितलं की सगळ्यांनाच देतात. रोज काय केलं ते आपापल्या भाषेत लिहायचं, कोणी वाचत नाही. कोणी वाचणार नाही म्हटल्यावर लिहायला आपलं काय जातंय. पण पेन धरलं तर बोटं अशी अवघडली की जणू माझी नाहीतच. एवढं लिहून हाताला घाम आलाय.

सोमवार

रात्री झोप लागली नाही. खोलीत कोणी घोरतच नव्हतं.

नाश्त्याला ताट घेऊन रांगेत उभं राहिलो. उकडलेली अंडी, पाव, लोणी, संत्र्याचा रस. किती घ्यायची विचारलं तर त्या माणसाने खांदे उडवले. म्हणजे लाजेल तो उपाशी. आधी पोटोबा म्हणून पाच अंडी खाल्ली आणि एक खिशात ठेवलं. ते वर्गात फुटलं.

शिकवायला बाई आहेत. पांढरे केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. म्हणे स्वतः वीस वर्षं क्रेनवर बसल्यात. आवाज कधी चढवत नाहीत, हात मात्र असे हलतात की शब्द नसले तरी चालतं. बरंच आहे ते, कारण इथल्या भाषेतलं मला साइटपुरतंच येतं. "जपून", "जेवण", "पगार कधी", एवढ्यावर माझं भागतं.

बाकावर बसलो आणि गुडघा हलायला लागला. शाळेतही हलायचा. मास्तर म्हणायचे, "शिवणयंत्र बंद कर." तेवढ्यात शेजारच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. शेजारी आहेत एक आजोबा. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, माझ्या जिभेला झेपलं नाही, म्हणून आजोबाच. पुढचे दोन दात नाहीत, चष्म्याला दोरी बांधलेली. तिसऱ्याच कुठल्या देशातले आहेत. आमची एकही भाषा जुळत नाही, सगळं हातांनीच चाललंय. त्यांनी तीन बोटं दाखवली. मला वाटलं तीन मुलं. मग फळ्यावर लिहिलेल्या परीक्षेच्या तारखेकडे बोट करून परत तीन दाखवली. तिसऱ्यांदा बसतायत परीक्षेला. इथल्या शाळेचं म्हणे कितीही वेळा बसा असं आहे. दोन खेपांचा कायदा आमच्या मुकादमाचाच.

दादाला फोन केला. तो गिरणीतून बोलतो. पिठाची गिरणी आहे आमची, बाबांच्या मागे तोच चालवतो. पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढत बोलतो, म्हणून साधं "जेवलास का"सुद्धा दटावल्यासारखं वाटतं.

"काय शिकवलं?"

"खुणा."

"कुठल्या?"

"उचल, सोड, असल्या. मला येतात त्या."

"उचल म्हणजे कशी? हात किती वर? बोट कुठलं?"

"पहिलं बोट वर करून गोल फिरवायचं."

"किती मोठा गोल?"

पोलिसासारखा तपास. मी खरोखर वर्गात बसलो होतो की नाही ते पडताळत होता, कळतं मला. म्हणाला, "तिथे तक्ता असेल ना भिंतीवर, त्याचा फोटो पाठव." म्हणजे पुरावा हवा. तक्ता आणि त्याखालचं परीक्षेच्या मैदानाचं चित्र, दोन्हीचा पाठवला. आजोबांचं सांगितलं, तेवढ्यापुरता त्याचा आवाज खाली आला.

"वय काय असेल त्यांचं?"

"अठ्ठावन्न. बोटांनी सांगितलं."

"अठ्ठावन्न." मग मोटर चालू झाली आणि पुढचं ऐकू आलं नाही.

मंगळवार

आज 'हळू'ची खूण. एका हाताने जे काय सांगायचं ते सांगायचं आणि दुसरा हात त्याच्यावर सपाट धरून ठेवायचा, अजिबात न हलवता. हलणाऱ्या हातावर न हलणारा हात. म्हणजे वरच्याला कळतं की काम तेच, पण सावकाश. माझे दोन्ही हलत होते. बाई मागून आल्या आणि माझा वरचा हात धरून ठेवला. शाळेची आठवण झाली, पाटीवर अक्षर गिरवताना धरतात तसं.

शाळेचं एकदा आठवायला लागलं की थांबत नाही. दादा मला सायकलच्या नळीवर बसवून सोडायला यायचा. माझ्या पिशवीत डबा, त्याच्या पिशवीत गिरणीच्या उधारीच्या चिठ्ठ्या. बाबा गेले तेव्हा तो आठवीत होता, तेव्हापासून गिरणी त्याच्याकडे. मला सोडून सरळ निघून जावं की नाही? नाही. सायकल भिंतीला लावून वर्गाच्या खिडकीशी उभा राहायचा. हजेरी होईपर्यंत, कधी पहिला तास होईपर्यंत. अंगावर पीठ, भुवया पांढऱ्या. पोरं म्हणायची, तुझं भूत आलं बघ. मी लाजेने मान खाली घालायचो. एवढी पाळत कोणी ठेवतं का? मी काय पळून जाणार होतो? (एकदा गेलो होतो. पण एकदाच.) मास्तरांनी पाढा विचारला आणि मी अडलो की खिडकीतून आकडा यायचा. मास्तर एकदा म्हणाले, "अरे, तूच आत येऊन बस ना." सगळा वर्ग हसला. दादाही हसला, आणि म्हणाला, "मला कुठे डोकं आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि सायकल घेऊन गेला.

दादाला अभ्यासाचा कंटाळाच होता, तो स्वतःच सांगतो. मग माझी पुस्तकं जूनमध्ये माझ्या आधी कशाला वाचायचा, देव जाणे. धाक दाखवायला असेल.

संध्याकाळी इथल्या तलावात पाय सोडून बसलो. आत फरशी निळी आहे, त्यामुळे पाणी निळं दिसतं. पोहता येत नाही, पण पाय पोहले. आइस्क्रीम घेतलं, खाऊन झाल्यावर आणखी एक घेतलं. दिवसाचा भत्ता मिळतो, शिकणाऱ्याला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बाकावर बसायचे पैसे देतंय. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "फुकट जात असतील त्यांचे." आणि मग म्हणाला, "हळूची खूण कशी असते?"

बुधवार

पुडिंग चार वाट्या खाल्लं. त्याबद्दल आणखी लिहायची इच्छा नाही.

वहिनीचा मेसेज आला. "भावजी, तिकडे काय शिकवतायत? इकडे हे अंगणात उभे राहून हात फिरवतात. काल पाण्याच्या टँकरवाल्याला असं मागे घेतलं की भिंतीला एक बोट जागा ठेवून गाडी लागली. तो म्हणाला, साहेब कुठे शिकलात? हे दिवसभर खुशीत आहेत. दळण जाडं पडतंय."

दादाला लोकांवर हुकूम सोडायला आवडतं, त्याला निमित्त मिळालं.

गुरुवार

लेखी परीक्षा. पाचावर धारण बसली होती. प्रश्न वाचता येत नसेल त्याने हात वर करायचा, बाई जवळ येऊन सावकाश वाचतात. हात वर करायला मला जमेना. साइटवर दिवसभर हात वरच असतो आणि इथे तो दगडाचा झाला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, बघितलं, आणि स्वतःचा हात वर केला. बाई आल्या, आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. मग मला वेगळा हात वर करावाच लागला नाही. आजोबांना वाचता येत असणार, कारण बाई प्रश्न संपवायच्या आधीच त्यांनी खूण केलेली असायची.

पास झालो. काठावर, पण पाणी काठावरही ओलंच असतं. आजोबाही पास.

खुशीत न्हाव्याकडे गेलो. साइटवर आमच्यातलाच एकजण केस कापतो, डोक्याचं शेत करून ठेवतो. इथल्या न्हाव्याने आधी गरम टॉवेल तोंडावर ठेवला. मग डोकं चोळलं. मी झोपलो. लहानपणी रविवारी दादा असाच डोक्याला तेल लावायचा, पण त्याच्या बोटांना पिठाचा कणीदारपणा असायचा आणि वर पाढे म्हणावे लागायचे. सातावर आलं की डोळे मिटायचे. आठाचा पाढा मला अजून येत नाही तो त्यामुळेच.

फोनवर दादाला पास म्हटलं. "उद्याचं बघ," म्हणाला. "घोडामैदान उद्या आहे. लेखीवर क्रेन चालत नाही." शाबासकी द्यायला याचं काय जातं? मग विचारलं, "आजोबांना किती मार्क पडले?"

शुक्रवार

नापास.

लिहायचं नव्हतं, पण खोलीत बसून दुसरं करणार काय.

मैदानात क्रेन, चालवणारा अनोळखी. जमिनीवर पिवळा चौकोन आखलेला, दोन बाजूंना दोन रिकामी पिंपं. सिमेंटचा ठोकळा उचलायचा, फिरवायचा आणि पिंपांना न लावता चौकोनात बसवायचा. उचल दिली, चांगली गेली. फिरव दिली. ठोकळा चौकोनावर आला, किंचित पुढे जायला लागला, आणि थांब म्हणायची वेळ आली. मी हेल्मेट काढून वर उचललं.

क्रेनवाला थांबला नाही. त्याने का थांबावं? थांबची खूण म्हणजे हात आडवा लांब करून, तळवा जमिनीकडे ठेवून, बाजूला फिरवायचा. तक्त्यावर आहे, लेखीत मी बरोबर लिहिलीय. ठोकळा पुढे गेला, पिंप आडवं झालं आणि घरंगळत थेट बाईंच्या पायाशी जाऊन थांबलं. शिट्टी वाजली. वर ओझं लटकत असताना डोकं उघडं केलं, म्हणजे लगेच नापास. बाकीचे गुण मोजतसुद्धा नाहीत.

आता हे हेल्मेट काढायचं कुठून आलं? आमच्या गिरणीतून. गिरणी चालू असली की कानात काही पडत नाही, म्हणून बाबांच्या वेळेपासून सगळं हातांनी चालायचं. चिमूट दाखवली की बारीक दळ. मूठ दाखवली की जाडं. बाबांनी डोक्यावरची टोपी उचलली की मोटर बंद. एकदा दादाची बाही पट्ट्यात जाता जाता राहिली ती टोपी उचलल्यामुळेच. मी इकडे साइटवर आलो तेव्हा आमच्या क्रेनवाल्याला वरून माझी बोटं दिसत नव्हती, पण हेल्मेट पिवळंधमक दिसायचं. मी हेल्मेट उचललं, त्याला ते पटलं, आणि तीन वर्षं आमचं तसंच चाललं. साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणतात. वरच्याची कृपा होती म्हणून निभावलं. इथला वरचा वेगळा निघाला.

बाईंनी हेल्मेट माझ्या हातातून घेतलं, माझ्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा स्वतः लावला. विचारलं, "ही खूण कोणाची?"

त्यांच्या भाषेत एवढं सगळं कुठे सांगू? म्हटलं, "वडिलांची."

त्यांनी मान हलवली. "वडील चांगले असणार," म्हणाल्या. "पण वर बसलेला त्यांना ओळखत नाही."

आजोबा पास झाले. पास झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बस. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून.

माझी दुसरी खेप उद्या सकाळी. आज जेवायला गेलो नाही. पुडिंग होतं.

शुक्रवार, पुन्हा

दादाचा फोन आला. उचलणार नव्हतो. तीनदा वाजल्यावर उचलला.

"काय झालं?"

"काही नाही."

"म्हणजे नापास."

आता येणार, पालथ्या घड्यावर पाणी, एका जागी बसवत नाही, शिकला असतास तर. सगळी यादी मला पाठ आहे, वयाने मोठी आहे ती आमच्या पुतण्याहून.

"कुठे चुकलास?"

"टोपी काढली."

पलीकडे मोटरचा आवाज येत होता. तो खाली खाली येत बंद झाला. पट्टा सुटा पडल्याची फटफट ऐकू आली, मग तीही थांबली. कामाच्या वेळी दादा गिरणी बंद करत नाही, कोणी मेलं तरच करतो.

"बाबांची?" दादाने विचारलं.

"हो."

मग तो म्हणाला, "थांब. फोन ठेवू नको. चेहरा दिसतो तसा फोन लाव. वहिनीला हाक मारतो."

गिरणीत माळ्यावर धान्य चढवायला कप्पी आहे. दादाने तिच्या दोराला कोंड्याची गोणी बांधली. वहिनीने फोन धरला. खाली जमिनीवर दोन डबे ठेवले आणि मधे खडूने चौकोन काढला. मी न सांगता. चौकोन फोटोतल्यासारखा अगदी बरोबर होता. मी माझा फोन किटलीला टेकवून ठेवला, हेल्मेट घातलं आणि मागे मागे जात भिंतीला पाठ लावली, म्हणजे आख्खा दिसेन.

"मी क्रेन," दादा म्हणाला. "मला ऐकू येत नाही. तोंड बंद ठेव."

वहिनी म्हणाली, "घरात तरी कुठे ऐकू येतं."

उचल दिली. गोणी वर गेली. फिरव, फिरव, आता सोड, हळू. आणि थांब म्हणायची वेळ आली तसा माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. हेल्मेट वर.

दादाचे हात जागच्या जागी थांबले. गोणी अधांतरी. दोर घट्ट धरून तो तसाच माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. कोणी हललं नाही.

"काय झालं दोघांना?" वहिनी म्हणाली.

"मी चुकलो," दादा म्हणाला. "मी थांबायला नको होतं. परत."

परत तेच. मला माहीत होतं हात आडवा करायचाय, तरी तो वरच गेला. या वेळी मी दादाचा जबडा आवळलेला बघितला. त्याने हेल्मेटकडे सरळ बघितलं आणि दोर सोडला. गोणी धाडकन डब्यावर आली, फुटली आणि सगळं चित्र पिवळट झालं. वहिनीचा खोकला ऐकू आला. धुरळा बसला तेव्हा दादा त्यातच उभा होता, भुवयांवर कोंडा.

"तू थांब म्हणालास?"

"म्हणालो."

"मला दिसलं नाही. नीट दाखव."

आवाज घोगरा झाला होता, कोंड्याने असेल. दुसरी गोणी बांधली. तीही फुटली. वहिनी म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का?" तिसऱ्या गोणीला माझा हात अर्ध्यातून वळला आणि आडवा गेला. दादा लगेच थांबला. मग म्हणाला, "तळवा खाली. बाजूला फिरव. तक्त्यात खांद्याच्या रेषेत आहे, तुझा खाली पडतोय." सगळ्या खुणा त्याला माझ्याहून चांगल्या येतात. एकदा बघितलं की त्याला येतं, नेहमीचंच आहे. एवढं असून शाळेचा कंटाळा कसा आला माणसाला.

कितीदा केलं मोजलं नाही. शेवटी म्हणाला, "झोप आता. उद्या टोपीला हात लावलास तर घरी येऊ नको." आणि थोडं थांबून, "म्हणजे ये. पण टोपीला हात लावू नको."

नंतर वहिनीचा मेसेज आला. "गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि हे मोटर चालू करत नाहीत. बाबांची टोपी खुंटीवरून काढून झाडतायत. भावजी, उद्या नीट करा."

शनिवार

तोच ठोकळा, तीच पिंपं. आडव्या झालेल्या पिंपाला पोचा पडलाय, तो माझ्याकडे तोंड करून ठेवला होता.

उचल. फिरव. सोड. हलणाऱ्या हातावर न हलणारा हात ठेवला. ठोकळा चौकोनावर आला आणि माझा हात निघाला. कानापर्यंत गेला. मग फुटलेली गोणी दिसली आणि त्या कोंड्यात उभा राहून सरळ माझ्याकडे बघणारा दादा. हात वळला. आडवा, खांद्याच्या रेषेत, तळवा खाली.

क्रेन थांबली. ठोकळा चौकोनात असा बसला की रंगाची रेघ चारी बाजूंनी सारखी दिसत होती.

बाईंनी शिट्टी वाजवली नाही. नुसत्या चालत आल्या आणि माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. "वडिलांना सांग," म्हणाल्या. मी हो म्हटलं. जास्त काय सांगणार.

कुंपणापाशी आजोबा उभे होते, खांद्याला पिशवी. त्यांची बस सकाळीच होती, त्यांनी सोडली होती. लांबूनच त्यांनी हात वर केला, पहिलं बोट आकाशाकडे, गोल गोल फिरवत. उचल. मी पण तेच केलं. गेटापर्यंत ते तसंच करत गेले, लोक बघत होते.

कार्डावरच्या फोटोत माझं तोंड उघडं आहे. बदलून देत नाहीत.

दादाला फोन केला. म्हटलं, "पास."

"बरं झालं." मोटर चालू होती. मग बंद झाली. "आणि आजोबा?"

"ते कालच झाले. सांगितलं ना."

"तिसऱ्यांदा ना?"

"तिसऱ्यांदा."

"अठ्ठावन्न," दादा म्हणाला. आठवड्यात चौथ्यांदा. त्याला त्या म्हाताऱ्याचं काय पडलंय?

संध्याकाळी भत्त्यातून कमरेला चामड्याचा पट्टा घेतला, आणि भली मोठी वाटी भरून आइस्क्रीम, वर चेरी. खाताना जरा जड गेलं. उद्यापासून परत आठजणांत. चादर आज मुद्दाम सैल केली नाही, शेवटचं एकदा पाकिटात शिरतो.

रविवार

बसमध्ये लिहितोय. अक्षर रस्त्यासारखं येतंय.

निघायच्या आधी दादाशी बोललो. म्हटलं, "आता बोल, बसलो की नाही वर्गात?"

"बसलास," म्हणाला. इतक्या लगेच कबूल करेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं भांडण सांभाळलं आणि त्याने असं सोडून दिलं.

मग उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिला. गिरणीच्या पत्र्याचं, पुतण्याच्या दाताचं. आणि मग म्हणाला, "हायस्कुलात चौकशी केली परवा. बाहेरून दहावीला बसता येतं म्हणे. वयाची अट नाही."

"कोणाला बसायचंय?"

"आहे एक माणूस. गिऱ्हाईक. आठवीतून सुटलेला. मी म्हटलं विचारून ठेवावं, एवढंच."

"वय काय त्याचं?"

"अठ्ठावन्नच्या आतच आहे," दादा म्हणाला.

मागून वहिनीचा आवाज आला, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं." दादा तिला म्हणाला, "तू गप." मला म्हणाला, "काही नाही, तिचं काहीतरी चाललंय."

खिडकीबाहेर नुसते दिव्याचे खांब येत होते आणि जात होते. बराच वेळ मी आमच्या वर्गाच्या खिडकीचा विचार करत बसलो. पाढा बाहेरून आत यायचा ती. मी बाकावर होतो आणि त्याला बाहेर उभं राहून सगळं येत होतं. गुडघा हलत नव्हता, हे आत्ता लक्षात आलं.

थांब्यावर बस उभी राहिली तेव्हा परत फोन लावला. त्या गिऱ्हाइकाचं नाव मी विचारलं नाही. एवढंच विचारलं की फी किती.

"बाराशे. पण तुला काय करायचंय?"

"दोन खेपांची पाठवतो. पहिल्या खेपेला हात टोपीकडे जातोच."

पलीकडे मोटर बंदच होती. ती दादाने चालू केली.

दर महिन्याला घरी पाठवतो ते पंधरा हजार, आणि वर हे. सतरा हजार चारशे.